मामाच्या केबलवरच्या मुंग्या

नव्वदच्या दशकात नगरकडच्या आमच्या कर्जतला केबलवाले दोनच. एक वेशीजवळचा, दुसरा माझा सख्खा मामा. आमच्याकडे अर्थातच मामाची केबल, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या! शेजारी वेशीवाल्याची केबल होती. तिथं क्रिकेटच्या बॉलची शिवणसुद्धा दिसायची. कुरकुर केली की आई डाफरायची, "आपलाच टीव्ही जुना हाय. माझ्या भावाला नावं ठिवू नको."

भाऊबीजेला मामाकडं गेलो. टीव्ही आमच्यासारखाच, पण चित्र आरशासारखं लख्ख. मी वायरीचा माग काढत गच्चीवर गेलो. मामाची डिश तिथंच होती, पण वायर तिला शिवलीही नव्हती. ती थेट वेशीवाल्याच्या खांबावरून आली होती.

तणतणत खाली आलो. आई त्याला ओवाळत होती आणि तो लेकाचा तिला विचारत होता, "अक्का, नवा टीव्ही कधी घेतीस?"