कात्री आणि बिबट्या

पाटणला माझे केस कापणारा माणूस बोलताना रिकामी बोटंही कात्रीसारखी चालवतो. त्यानं म्हणे एकदा घाटात बिबट्या पाहिला. माझ्या दर कटिंगला तो बिबट्या वीतभर लांब होतो.

साताऱ्यात विद्यापीठाच्या मुलांचं ब्लॉकचेनचं प्रदर्शन सगळ्यांना खुलं होतं, म्हणून त्यालाही घेऊन गेलो.

"काका, यात नोंदवलेलं मागाहून कुणालाच बदलता येत नाही," एक विद्यार्थिनी म्हणाली. "तुमची एखादी गोष्ट नोंदवूया?"

"बिबट्याची सांगा की," मी म्हणालो.

तो खाकरला. बोटं चालू झाली आणि मधेच थांबली.

"परत कवाच बदलत न्हाई?"

"कधीच नाही."

"मग ऱ्हाऊ दे, पोरी. आमचा बिबट्या अजून वाढत्या अंगाचा हाय."