झुंबरबाईचा फोटो कुणी काढला

गडमुडशिंगीच्या मुलींच्या शाळेत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर झुंबरबाईचा फोटो दिसतो, तो कुणी काढला, सांगता येईल तुम्हाला? तुम्ही माझंच नाव घ्याल. गावातलं शेंबडं पोरही तेच सांगेल, आकारामदादांनी काढला. दहा वर्षं मी ते ऐकून घेतलं, मान हलवली, त्यावर लोकांच्या घरी चहासुद्धा प्यालो. पण तो फोटो माझा नव्हे. तो लालासाब कल्हईवाल्याचा. आता मध्ये न बोलता ऐका.

लालासाबचा बाप कोल्हापुरात दारोदार फिरून भांड्यांना कल्हई करायचा. पोरगाही तेच शिकला. मग बदली झालेल्या कुणा साहेबानं मागं टाकलेला जुना कॅमेरा त्याच्या हाती आला आणि त्यानं भाता ठेवून दिला. मीही कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. चार यत्ता शाळेत, पुढचं सगळं वाचून, विचारून आणि भांडून. बाजारात उभा राहून जातीपातीविरुद्ध बोलायचो, पत्रकं वाटायचो आणि पोटासाठी फोटो काढायचो. म्हणजे आम्ही दोघं एकाच मापाचे. मग लोकांनी त्यालाच का शोधत जावं?

माझी पद्धत पुस्तकातली. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, असं त्यात लिहिलेलं. म्हणून मी माणसाला भर दुपारी उन्हाकडं तोंड करून उभा करायचो, बरोबर मधोमध, मागं खांब आणि फुलदाणी रंगवलेला पडदा. माणूस डोळे बारीक करायचा, पटक्याची सावली नाकापर्यंत उतरायची. पुढं मी पेन्सिलीनं सगळं दुरुस्त करायचो. पण गडहिंग्लजहून आलेलं पावणं माझ्या दारात थांबून विचारायचं, "कल्हईवाल्या फोटोवाल्याचं घर कुठं हाय ओ?" मी हात करून वाट दाखवायचो. उलटी दाखवायचो, हेही सांगून टाकतो.

एकदा सकाळी पंचगंगेच्या घाटावर तो काम करतोय असं कळलं. गेलो आणि एका दीपमाळेआड उभा राहिलो. त्यानं एका म्हाताऱ्याला भिंतीच्या सावलीत बसवलं होतं, मधोमध नव्हे, जरा बाजूला, आणि नजर जायला समोर मोकळी जागा सोडली होती. पडदा नाही. मागं लांबवर नुसती नदी. आणि त्याची बायको रोशनबी बाजूला उन्हात एक परात तिरकी धरून उभी.

"आकारामदादा, लपून काय बघताय, म्होरं या की," लालासाब म्हणाला.

"ही परात कशाला?" मी विचारलं.

"आब्बा कल्हई झाली की परात उन्हात धरून बघायचा, तवा समोरच्या बाईच्या हनुवटीखाली उजेड पडायचा. सावलीतल्या माणसाला तेवढा बास हुतो. फकस्त लख्ख परात चालत न्हाय, डोळ्यात घुसती. राख चोळून हिची चकाकी मारलीया."

"आमच्याकडं परात हाय," रोशनबी म्हणाली, "दादांकडं राजवाड्याचा खांब हाय. ज्याचं त्याचं."

म्हातारा हसला आणि लालासाबनं तेवढ्यात फोटो घेतला. मी तणतणत घरी आलो. घरात परात होती, पण मी तिला हात लावला नाही. त्याचं म्हणून नको होतं मला.

त्यानंतर झुंबरबाईच्या फोटोचं निघालं. मुडशिंगीच्या या म्हातारीनं गावातली आपली जागा मुलींच्या शाळेला दिली होती. ती जागा मिळावी म्हणून तिच्या ओसरीवर तीन वर्षं जाऊन बसलो होतो तो मी. शाळेत तिचा फोटो लावायचा ठरला, तो माझ्याच हातचा लागला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. पण शाळेचं बघणाऱ्या पिराजीनं लालासाबलाही बोलावलं. म्हणाला, "दोघंबी काढा. म्हातारीला पटंल त्यो भिंतीवर."

माझी एवढी खात्री, की मी फोटो लावायच्या कार्यक्रमाची पत्रकं आधीच छापून घेतली. खाली ठळक अक्षरांत: फोटो, आकाराम.

दुपारी बाराला मी तिला पडद्यापुढं उभी केली. घरी आल्यावर फोटोची काचेची प्लेट, म्हणजे निगेटिव्ह, खिडकीला टेकवून बसलो. प्लेटवर जिथं पेन्सिल फिरते, तिथं कागदावर उजळ येतं. म्हातारीच्या गालांवर देवीचे खोल खळगे होते, ते एकेक करून भरले. सुरकुत्या भरल्या. बारीक झालेले डोळे सुईनं खरवडून मोठे केले. हात चालूच होता, म्हणून सगळा चेहराच दोन छटा गोरा केला. त्याच आठवड्यात बाजारात मी ओरडून सांगितलं होतं, रंगावरून माणूस तोलू नका.

फोटो लावायच्या दिवशी दोन्ही चित्रं टेबलावर ठेवली. झुंबरबाईनं आधी माझं उचललं.

"ह्या कोन बाई?"

"तूच की गं म्हातारे," पिराजी म्हणाला.

"मी न्हवं. ही कुना इनामदाराची आय असंल." मग माझ्याकडं वळली. "आकारामा, ओसरीवर बसून तुलाच सांगितलं हुतं की. देवीच्या साथीत माज्या दोगी पोरी गेल्या, मी एवढे खळगे घिऊन उरले. त्यांच्या नावानं जागा दिली, आन तू त्येच पुसलंस व्हय?"

लालासाबचं चित्र तिनं जवळ धरलं. खळगे होते, पण आधी दिसत होते ते डोळे. तिनं कागदावरच्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही मी."

लालासाब माझं चित्र बघत होता. "दादा, प्लेट तुमची माज्यापरीस चोख हाय. पदराचा धागा न् धागा दिसतोय." त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्याचा फोटो भिंतीवर चढला आणि तोवर माझी पत्रकं गावभर वाटून झाली होती. बाहेरच्या लोकांनी पत्रक वाचलं, आत येऊन फोटो बघितला आणि हार माझ्या गळ्यात घातला. रोशनबीनं एक पत्रक नवऱ्यापुढं धरलं. "काय लिवलंय ह्यात?"

लालासाबला मराठी चांगलं वाचता यायचं. त्यानं खालपर्यंत वाचलं, घडी केली, खिशात घातली. "झुंबरबाईचं नाव हाय," म्हणाला.

मी दोन हातांच्या अंतरावर होतो. हार गळ्यात होता. तो मी सरळ केला.

आता मीही सावलीत फोटो काढतो, परातीला राख चोळतो, आणि कुणी वाखाणलं की मला घाटावरची तीच सकाळ आठवते. त्याचं नाव लिहायला म्हणून पेन्सिल घेऊन दोनदा शाळेत गेलो. दोन्ही वेळा पोरी उभ्या राहिल्या, आकारामदादा आले म्हणाल्या, आणि मी भाषण करून परत आलो. लालासाबनं अजून कुणाकडं चकार शब्द काढलेला नाही. त्याचाही मला राग येतो.

तेव्हा तुम्ही मुडशिंगीकडं जाल, तर खिशात एक पेन्सिल न्या. चौकटीच्या खाली लालासाब कल्हईवाल्याचं नाव लिहा, शेजारी रोशनबीचं लिहा, परात तिनं धरली होती. जरा दाबून लिहा, म्हणजे मी पुन्हा गेलो तर मला ते पुसता येणार नाही.