टायरसकट माप

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. घरी आम्ही डोंगरातल्या कोकणा आदिवासींची कोकणी बोलतो आणि माझी मराठी शाळेतल्या पुस्तकांची आहे. लियाकतचाचांवर लिहायचा हक्क खरं तर त्यांच्या मुलीचा, शबानाचा. पण यातली एक गोष्ट फक्त चाचांना आणि मला माहीत होती. ती सांगायला आता मी एकटाच उरलो आहे.

नवापूरला बी.कॉम.ला असताना एका सरांनी मला चाचांकडे पाठवलं. "त्यांना इंग्रजी टाइप करणारा कुणीतरी हवाय," एवढंच सांगितलं. मी दारात उभा राहिलो. चाचांनी माझं नावही विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून बोराएवढं लोहचुंबक काढलं आणि माझ्या पट्ट्याच्या बकलाला लावलं. ते चटकन चिकटलं.

"पितळनं म्हणीसन लिधं ना?" ते अहिराणीत म्हणाले. "लोखंड शे. वरतून पाणी देल शे. त्र्याऐंशी-शून्य-आठ. बठ."

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला कस्टमच्या पुस्तकात एक नंबर असतो आणि त्या नंबरावर कर ठरतो. खिळे, स्क्रू, कुलपं, बिजागऱ्या, हुक, सगळ्यांचे नंबर वेगळे. हे नंबर लावणं हे चाचांचं काम. त्यांचे वडील नवापूरच्या बाजारात कुलपं दुरुस्त करायचे. चाचा दहावी करून सुरतेच्या एका एजंटाच्या ऑफिसात लागले आणि तरुणपणी कस्टमची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले. तेव्हा मिळालेलं कार्ड ते घरातसुद्धा खिशात ठेवत. ते कार्ड होतं म्हणून त्यांच्या सहीला किंमत होती. वर्षानुवर्षं सकाळच्या गाडीने सुरतेला गेले. पुढे छातीचा दमा वाढला, तेव्हा एजंट मालाचे नमुने बसच्या पार्सलने घरी पाठवू लागला.

नमुना आला की चाचा सोबतचा कागद उलटा करून ठेवत. "कागद खोटं बोलस," ते म्हणत. "पहिले हातमा ल्हे." मग वस्तू तळहातावर तोलायची, चुंबक लावायचं, कानशीने एक ओरखडा काढायचा, व्हर्नियरच्या सरकत्या पट्टीने मोजायची. त्यानंतर दोनच प्रश्न: कशानं शे? काय काम करस? उत्तरं पक्की झाल्याशिवाय ते पुस्तक उघडू देत नसत. पुढे मीही कार्डाची परीक्षा द्यावी, असं त्यांच्या मनात होतं.

शबाना चहा आणायची. चाचा चमचा उचलून म्हणायचे, "ब्याऐंशी-पंधरा." एकदा तिने विचारलं, "अब्बा, मेरा नंबर कौन सा?"

"तू ड्यूटी फ्री शे," ते म्हणाले. "म्हणीसनच घरमा पडेल शे."

"देखा?" ती मला म्हणाली. "इनको मेरा वजन भी करना है किसी दिन."

एकदा सुरतेचा एक व्यापारी स्वतः आला. त्याला त्याच्या कड्या आणि हुक कमी कराच्या नंबरात बसवून हवे होते. तासभर गोड बोलला. शेवटी चिडून म्हणाला, "चाचा, तुम तो साहब से भी बडे साहब हो गए."

"नहीं सेठ," चाचा म्हणाले. "साहब बाद में देखेगा. मैंने तो देख लिया." आणि त्याचा हुक त्याच्याच हातात ठेवला. व्यापारी गेल्यावर त्यांनी खिशावर हात ठेवून कार्ड चाचपलं. ती त्यांची सवयच होती, आपण घराबाहेर पडताना किल्ली चाचपतो तशी.

माझ्या शेवटच्या वर्षी त्यांचा दमा फार वाढला आणि त्यांना चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात ठेवलं. त्याच आठवड्यात ट्रॉलीच्या चाकांचा नमुना आला. एजंटाचा रोज फोन, बोट लागली आहे, नंबर द्या. चाचांनी निरोप दिला, "तू मोज. कागद तयार कर. मी सही करस."

अशा चाकांचा नियम मला पाठ होता. पंचाहत्तर मिलिमीटरपर्यंतचं चाक सरळ त्र्याऐंशी-शून्य-दोनमध्ये जातं. त्याहून मोठं असेल, तर रुंदी तीसच्या आत असली तरच जातं, नाहीतर नंबर बदलतो आणि करही बदलतो. हे चाक शंभरचं होतं. मी रुंदी मोजली. अठ्ठावीस. खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक काळी रबरी कडी होती. मला ते पॅकिंग वाटलं. मी ती रद्दीच्या पेटीत टाकली.

कागद घेऊन चिंचपाड्याला गेलो. चाचांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. शबाना औषधं आणायला खाली गेली होती.

"मोजं का?"

"हो चाचा. अठ्ठावीस."

"टायरसंगे?"

टायर कुठला, हे मला कळलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण मला त्यांच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी पडल्या पडल्या सही केली. कधी नव्हे ते वस्तू हातात न घेता केली.

महिनाभराने बंदरावर कंटेनर उघडला. चाकांवर रबर चढवलेलं होतं. अधिकाऱ्याने मोजलं आणि माल अडकवून ठेवला. चौकशी लागली. चौकशी होईपर्यंत चाचांचं कार्ड जमा करायला सांगितलं. ते तेव्हा नुकतेच घरी आले होते. त्यांनी मला बोलावून नमुना मागितला. खोक्यात चाक तेवढं होतं. मी रद्दीची पेटी उपसली आणि ती कडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने दाबत चाकावर बसवली. धाप लागली म्हणून मध्ये दोनदा थांबले. मग व्हर्नियर लावला.

"बत्तीस," ते म्हणाले.

मी उपसलेली रद्दी परत पेटीत भरू लागलो.

"रमण, तुन्हा बापना गाडाले धाव ऱ्हास ना?"

"असते."

"धाव काढीसन चाक मोजस का कोणी?"

आमच्या गावच्या लोहाराकडे बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवताना मी लहानपणापासून बघितलं आहे. चाचांना ते माहीत होतं. मी म्हणालो, "मी सुरतेला जाऊन सांगतो, मीच मोजलं आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

"सही कोणी शे?"

"तुमची."

"मंग? मी देखं नही, हाई मन्ही चूक. तुन्हा कार्डनी परीक्षा बाकी शे. आतेच तठे तुन्हं नाव गयं, तर तू कोठे जाशी? गावले?" त्यांनी व्हर्नियर फडक्यात गुंडाळला आणि माझ्यापुढे ठेवला. "हाई ल्हे. अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी शबाना त्यांना घेऊन सुरतेला गेली आणि कार्ड देऊन आली. नंतर मी दोनदा घरी गेलो. बोलता बोलता त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि रिकाम्या खिशावर थोडा वेळ तसाच राहायचा. पार्सलं यायची बंद झाली होती. शबानाने शिवणकाम घेतलं होतं. तिला खरं माहीत नव्हतं. ती मला अजूनही चहा देत होती.

मी एम.कॉम.साठी नाशिकला आलो, कार्डाचा अभ्यासही चालू ठेवला. सुरुवातीला फोन करायचो. चाचा दर वेळी एकच विचारायचे, "कोणता धडा चालू शे?" कार्डाचं कधी बोलले नाहीत. हळूहळू मीच फोन टाळू लागलो. पावसाळ्यानंतर त्यांचे दोन फोन आले होते, ते मी उचलले नाहीत. परीक्षा आहे, असं स्वतःला सांगितलं.

परीक्षा झाली तरी झोप येईना. शेवटी चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. चाक मी मोजलं, रबर मी फेकलं, चाचांनी विचारल्यावर मी खोटं बोललो, त्यांचं कार्ड त्यांना परत द्या. खाली नाव आणि होस्टेलचा पत्ता घातला. पत्र टाकून आलो आणि ठरवलं, उत्तर आलं की ते घेऊनच नवापूरला जायचं.

उत्तर दीड महिन्याने आलं. इंग्रजीत, चार ओळींचं. आपल्या पत्राची नोंद घेतली. तथापि, संबंधित कार्डधारकाने आपल्या लेखी जबाबात, सदर चाकाचं माप नवापूर येथे राहत्या घरी स्वतः घेतल्याचं आणि टायर बसवण्यास आपणच विसरल्याचं नमूद केलं आहे. जबाबात अन्य कोणाचा उल्लेख नाही. कार्डधारक मयत झाल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

चाचा गेल्याचं मला असं कळलं.