बाबांच्या शपथपत्राची झेरॉक्स

बाबा पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या निवडणुकीला उभे राहिले त्या महिन्यात मी पाच मिनिटं एका जागी बसले असेन तर शपथ. चहा ठेवायचा आणि विसरायचा, चपला घालायच्या आणि कुठं निघालो होतो तेच आठवायचं नाही, असं चाललं होतं.

रायपूर राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जो तो जमिनीच्या भावाबद्दल बोलत होता. आमचं घर पुरानी बस्तीत. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली नाली कायम तुंबलेली. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून बाबा तिच्यासाठी अर्ज लिहीत होते. एक दिवस जेवताना म्हणाले, "आता मीच उभा होऊन राहिलो." आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि आणखी एक डाव भात वाढला.

समोर होता राइस मिलवाला सेठ.

मी तेव्हा कचेरीसमोर एका नोटरीकडे टायपिंग करायचे. उमेदवारानं आपली मालमत्ता शपथेवर लिहून द्यायची, असा नियम आला होता. बाबांचं शपथपत्र मीच टाइप केलं. ते शेजारी स्टुलावर बसून सांगत होते आणि काही म्हणजे काही सोडत नव्हते. पोस्टातलं पासबुक झालं, आईचं मंगळसूत्र झालं, सायकल झाली.

"अन् कूलर लिही."

"बाबा, कूलर कोणी लिहिते का?"

"शपथ हाय ते. लिही."

एवढं करूनही अर्धं पान कोरंच राहिलं. सेठचं शपथपत्र कचेरीच्या फलकावर लागलं, त्यात पानामागून पान होतं. मिल, पेट्रोल पंप, तीन गाड्या, शहराबाहेर वसणाऱ्या नव्या राजधानीच्या बाजूला घेतलेली शेतं, आणि बायकोच्या नावावर जवळजवळ तेवढंच. वाचून माझं डोकं भणाणलं. पण लगेच वाटलं, मिळालं! लोकांना फक्त हे दाखवायचं. दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या, वर सेठचं आणि खाली बाबांचं अशा टाचल्या, आणि दारोदार वाटत सुटले. स्वतःच्या अकलेवर मी भारी खूश होते.

पहिलं दार शेजारच्या भाभीचं. ती छत्तीसगढी, आमच्या घरात चोवीस तास येणारी. तिनं सेठचे आकडे बोट फिरवत वाचले आणि डोळे मोठे करून म्हणाली, "इतना है इनके पास? दीदी, जिसका पेट पहले से भरा है, वो हमारा क्या खाएगा?" मग खालचं पान उलटून पाहिलं. "और बाबूजी के पास तो कुछ है ही नहीं. आदमी कितने दिन रुकेगा?"

तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. तिला बाबांची काळजी वाटत होती, त्याचाच मला जास्त राग आला. मी तावातावानं पुढच्या दारी गेले. तिथं बाबांच्याच ऑफिसातले एक काका राहत. त्यांनी चष्मा वर केला. "बाई, तुह्या बापाले साऱ्या नोकरीत एक प्लॉट घेता नाही आला. अन् तू तेच लोकांले सांगत फिरून राहिली? काहून?"

उरलेले कागद मी गादीखाली घातले. पण उशीर झाला होता. दोन दिवसांनी सेठची माणसं तेच टाचलेले कागद नव्यानं झेरॉक्स करून वाटताना दिसली.

त्यानंतर भाभीचं ते 'कितने दिन रुकेगा' माझ्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे आता लोक येऊन बसायचे. एका दुपारी एक ठेकेदार आला. इकडचं तिकडचं झाल्यावर बाबांनी त्याला सहज विचारलं, "नव्या राजधानीकडं प्लॉटचा काय भाव चालू हाय आता?" अख्खं शहर तेव्हा हाच प्रश्न विचारत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते, आणि पहिल्यांदाच बापाकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मला स्वतःची किळस आली. तरी त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे कोण आलं, काय ठेवून गेलं, यावर नजर ठेवू लागले. कोणी काही ठेवलं नाही. मी तरी पाहत राहिले.

मतदानाच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत सगळ्यांत पुढे होते. माझी पाळी आली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीन, सेठचं नाव दुसरं, बाबांचं चौथं. बोट चौथ्यावर गेलं आणि तिथंच थांबलं. आदमी कितने दिन रुकेगा. मी दुसरं बटण दाबलं. मशीन वाजलं, तशी मला परत आत जावंसं वाटलं, पण मागची बाई पुढे सरकली होती.

निकाल लागला. बाबा पडले, तेही दणकून. घरी येऊन पाय धुतले, खुर्चीत बसले. आई नि मी समोर उभ्या.

"हरलो त हरलो," ते म्हणाले. "पण पोरी, तू ते कागद वाटले ते बरं केलं. आता साऱ्या पाऱ्याले माहीत हाय का मी कोणाचं काही खाल्लं नाही." मग हसले. "अन् घरातली तीन मतं त कोणी हलवू नाही शकलं."

आईनं मान डोलावली. मीही डोलावली.