बारा जणांतला एक

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. न विचारता कुणी मदत करायला आलं की मला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे, ह्याला काय पाहिजे? आई म्हणते, ही पाळण्यात असतानाच पाहुण्यांकडं डोळे बारीक करून बघायची. असेल.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं काढून मी लातूरला घरी परत आले, ती पुण्याला जायचं नाही असं ठरवूनच. डोक्यात एक ॲप होतं. आमच्या लातुरात नळ रोज येत नाही. आठवड्यातनं एकदा येतो, आणि तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्यामुळं त्या दिवशी घरातलं एक माणूस नळाला बांधलेलं. माझं ॲप अगदी साधं होतं. गल्लीत ज्याच्याकडं आधी पाणी आलं त्यानं बटण दाबायचं, की गल्लीतल्या सगळ्यांचे फोन वाजणार. बस्, एवढंच.

घरात ह्यावर कुणाचा विश्वास नव्हता. दादानं ओळखीनं एका मोठ्या कोचिंग क्लासच्या ॲडमिशन काउंटरवर माझी नोकरी पक्की करून ठेवली होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मधला रस्ता काढला. "दसऱ्यापर्यंत तुझं त्ये ॲप कुणाच्याबी फोनात सापडलं पायजे. सापडलं तर तुझं तू बग. न्हाई सापडलं तर गुमान क्लासात जायाचं." अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. दसऱ्याला सव्वा महिना होता. मला वाटलं, ॲप तर तयार आहे, चार दिवसांत टाकू स्टोअरवर!

कुठलं काय. स्टोअरचा नियम निघाला. नवीन माणसाचं ॲप असं उचललं आणि टाकलं, चालत नाही. आधी बारा जणांनी ते सलग चौदा दिवस आपल्या फोनात वापरून दाखवायचं. त्या बाराही जणांचे मेल यादीत घालायचे, त्यांना एक लिंक पाठवायची, त्यांनी "सामील व्हा" दाबायचं. बारातला एक जरी मधेच बाहेर पडला तरी दिवसांची मोजणी परत पहिल्यापासून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कोण बाहेर पडलं ते कळत नाही. नुसता आकडा दिसतो. माझ्यासारखीला ह्याहून मोठी शिक्षा नाही.

इंटरनेटवर अशी बारा माणसं मिळवून देणारे ग्रुप होते. "तुमचं आम्ही टाकतो, आमचं तुम्ही टाका." म्हणजे कुठल्या गावची कोण माणसं, त्यांच्या हातात माझं ॲप! मी त्या वाटेला गेले नाही. आपलीच माणसं बरी, असं म्हणून यादी केली. घरची चौघं: अप्पा, आई, दादा, वहिनी. गल्लीतल्या चौघी. आणि कॉलेजच्या चार मैत्रिणी, नांदेडकडच्या.

गल्लीतल्या बायका माझ्याही वरताण निघाल्या. समोरच्या काकूंनी फोन हातात दिला, पण सोडेनात. "ओटीपी येणार न्हाई ना?" नाही काकू. "मग गल्लीचं नाव कशाला विचारायलंय? आमी घरी न्हाई हे चोराला कळलं म्हंजे?" नाही कळत काकू. मग आवाज खाली आणून, "आन् आमी किती टाक्या भरून ठिवल्यात, त्ये दिसतंय का कुणाला?" मी शपथ घेतली तेव्हा कुठं बोट लावू दिलं.

अप्पांचा वेगळाच घोळ. अप्पा डाळ मिलमध्ये आलेली तूर तपासून घेतात, गेली कित्येक वर्षं. त्यांनी पहिल्यांदा भलत्याच मेलनं लिंक उघडली. मग मी त्यांना शेजारी बसवून शिकवलं. हे बघा, इथं "बाहेर पडा" दाबायचं, मेल बदलायचा, परत "सामील व्हा" दाबायचं, मग ॲप उतरवून घ्यायचं. त्यांनी माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं. "शिकलो बग," म्हणाले आणि चष्मा पुसला. मला कौतुक वाटलं.

बारा झाले. मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन... मी सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघायची. नवव्या दिवशी दुपारी बघते तर अकरा. संध्याकाळी परत बारा, पण दिवस शून्य!

माझा पहिला संशय हिमायतनगरच्या मैत्रिणीवर गेला. कॉलेजात एका खोलीत राहायचो आम्ही. आता ती नांदेडला राहून स्वतःची ॲप करत होती, आणि त्या आठवड्यात तिनं मला तीनदा विचारलं होतं, नोटिफिकेशन कसं पाठवतेस गं? कशाला पाहिजे हिला? फोनवर विचारलं तर खोटं बोलेल, म्हणून मी सरळ एसटीत बसले. कॉलेजजवळच्या चहाच्या टपरीवर ती भेटली. इकडचं तिकडचं बोलून मी म्हटलं, तुझा फोन दाखव गं, माझं ॲप कसं दिसतंय बघू. तिनं फोन दिला. ॲप होतं, पहिल्या दिवसापासून होतं. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"तू माझा फोन तपासायला लातूरहून आलीस?" तिनं विचारलं.

मी काहीतरी थापा मारायला लागले. ती आधी हसली. मग हसायची थांबली. "मी तुला नोटिफिकेशनचं विचारलं, कारण तुझं माझ्या फोनात उशिरा वाजत होतं. सांगणार होते." चहा तसाच ठेवून ती उठली. पण ॲप तिनं काढलं नाही, एवढं खरं. परतीच्या एसटीत मला माझाच राग आला, पण संशय काही गेला नाही. तिच्यावरचा उठून दुसऱ्यावर बसला, इतकंच.

कारण सहाव्या दिवशी परत तेच. दिवस शून्य. आता दसऱ्याला सतराच दिवस उरले होते.

ह्यावेळी मला खात्रीच होती. वहिनी! वहिनी उदगीरच्या, व्यापाऱ्याच्या घरातल्या, मोजकं बोलणाऱ्या. क्लासातल्या नोकरीचं निघालं तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "बरं हाय की, एसी हाय, घराजवळ हाय." आणि दोनदा मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या फोनात काहीतरी करत होत्या, मला बघून त्यांनी फोन पालथा ठेवला. पालथा! मला आणखी काय पाहिजे होतं?

मी सगळ्यांच्या देखत तोंड सोडलं. आई भाजी निवडत होती, दादा जेवत होता. "वहिनी, मी क्लासात गेलेली बघायचीय ना तुम्हाला? मग तोंडावर सांगा की. गुपचूप फोनातनं कशाला काढता?"

दादाचा घास हातातच राहिला. वहिनींनी गॅस बारीक केला. "तुमाला तसं वाटतंय का, ताई?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "हो, वाटतंय." त्यांनी भाकरी उलटली. त्या दिवसापासून त्या माझ्याशी लागेल तेवढंच बोलायच्या. मला वाटलं, चोर पकडला गेला की असाच गप्प होतो.

मग चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा दिवस शून्य झाले. दसऱ्याला तेरा दिवस. म्हणजे आता काहीही केलं तरी जमणार नव्हतं, हिशेब संपला. त्याच दुपारी अप्पा डबा विसरून गेले होते, म्हणून मी मिलवर गेले.

मिलमध्ये तुरीच्या फोलपटाची धूळ डोळ्यात जाते, पुढचं धड दिसत नाही. अप्पा थप्पीच्या आडोशाला पोत्यावर बसले होते, त्यांच्यासमोर एक हमाल. मी अप्पांच्या पाठीमागून आले, म्हणून त्यांना दिसले नाही. हमाल म्हणत होता, आमच्या गल्लीत पाण्याची लई बोंब हाय मालक. आणि अप्पा आपला फोन त्याच्यापुढं धरून म्हणत होते, "आसं वरवर बगून कळत न्हाई. थांब, पयल्यापासून दाखवतो. ह्ये बग, हितं बाहेर पडायचं..."

अप्पांनी "बाहेर पडा" दाबलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग ॲप काढून टाकलं. "आता काईच न्हाई बग फोनात. कोरा. आता ह्ये दाबायचं, सामील..." तेवढ्यात बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. अप्पा फोन खिशात घालून, परखी उचलून निघाले. परखी म्हणजे पोत्यात खुपसून आतला माल बाहेर काढायची लोखंडी नळी. अप्पांचा जन्म गेला त्यात. पोतं उघडून, मूठभर वानगी हातावर घेऊन दाखवल्याशिवाय त्यांच्या बाजारात कुणी मालाला हात लावत नाही. माझं ॲपही ते तसंच दाखवत होते. ज्याच्या गल्लीत पाण्याची बोंब त्याला, अगदी पहिल्यापासून, मी शिकवलं होतं तसं.

जाता जाता त्यांनी मला बघितलं. "अरे, ही बग," हमालाला म्हणाले, "हीच ती. हिनंच केलंय." त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मी डबा पोत्यावर ठेवला आणि घरी आले. रडू येत होतं, पण कशाचं ते ठरवता येईना.

वहिनी गच्चीवर कपडे काढत होत्या. मी जाऊन उभी राहिले. "वहिनी, चुकलं माझं. अप्पा होते." आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातली साडी घडी करून संपवली, मग फोन काढून माझ्या हातात दिला. ॲप होतंच. आणि फोनातल्याच एका नोटमध्ये त्यांनी माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं. ओल्या हातानं बटण दाबलं जात नाही. आईंना वाचायला येत नाही, त्यांच्यासाठी रंग ठेवा. पाणी गेलं की तेही कळावं. हेच लिहिताना त्या फोन पालथा ठेवायच्या. पूर्ण झाल्यावर देणार होत्या.

मला कुठं बघावं कळेना. "मी एवढं बोलले, तरी तुम्ही बाहेर नाही पडलात?"

"बाहेर पडले असते तर तुमचं म्हणणं खरं झालं असतं की," वहिनी म्हणाल्या.

मग दोरीवरचे चिमटे गोळा करता करता त्याच म्हणाल्या, "मामांना सांगा. त्यांच्यामुळं झालंय म्हणल्यावर दसऱ्याची अट सोडतील बगा." बरोबर होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि माझी क्लासातनं सुटका होती. मी नाही बोलले. थप्पीआडचा तो चेहरा मला पुसायचा नव्हता. एका माणसाला मी नांदेडात जाऊन लहान केलं होतं, दुसऱ्याला घरातच. तिसऱ्यांदा जीभ उचलेना.

जेवताना अप्पांनी विचारलं, "झालं का गं?"

"नाही अप्पा. परत कुणीतरी बाहेर पडलं."

"कोण?"

"कळत नाही."

अप्पांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली. "आपल्यातलाच आसंल कुणीतरी. नजर ठिव."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मग आत जाऊन आपला जुना फोन घेऊन आल्या आणि अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. "मामा, लोकांला दाखवायला ह्यो घ्या. तुमच्या फोनातलं हलवू नका. दाखवायचा माल येगळा ठिवावा."

"बराबर हाय," अप्पा म्हणाले. "वानगी येगळीच काढून ठिवतेत." अप्पा संध्याकाळीच परत सामील झाले होते, आकडा बारा होता; जुन्या फोनावर मी तेरावा मेल घातला. त्याला कितीही वेळा बाहेर काढा, आत घाला, बारांना धक्का नव्हता.

दसरा झाला. आपट्याची पानं देऊन अप्पांच्या पाया पडले आणि सोमवारी क्लासच्या काउंटरवर जाऊन बसले. पण ह्यावेळी मोजणी एकदाही शून्यावर आली नाही. चौदा दिवस भरले, स्टोअरनं आणखी थोडे दिवस घेतले, आणि एका सकाळी ॲडमिशनचे फॉर्म तपासताना फोनवर निरोप आला. मंजूर! पहिला फोन मी वहिनींना केला, दुसरा हिमायतनगरच्या मैत्रिणीला. तिनं तिसऱ्यांदा उचलला, पण उचलला.

दुपारी बघते तर पालकांच्या रांगेत अप्पा. सदऱ्यावर तुरीची धूळ तशीच. पुढच्या अनोळखी गृहस्थाला म्हणत होते, "भाऊ, तुमचा फोन द्या जरा." तो देईना. बरोबरच आहे, मीही दिला नसता. मग त्याच्याच हातानं त्याला माझ्या ॲपचं नाव टाकायला लावलं आणि वाकून बघत राहिले. सापडलं. तशी रांग सोडून काउंटरपाशी आले.

"कुणाच्याबी फोनात सापडतंय. बगितलं मी. ह्यो महिना भर आन् सोड हितलं." मग जरा घुटमळले. "दसऱ्यालाच सापडलं असतं. कोण हुता गं त्यो, कळलं का?"

"नाही अप्पा."

अप्पांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "जाऊ दे," म्हणाले. "माफ करून टाक त्याला."

त्यांना कळलं होतं का? वहिनींनी जुना फोन ताटाशेजारी ठेवला तेव्हाच कळलं असेल का? मला दाट संशय आहे. पण हा एक संशय मी कधी तपासायला गेले नाही.