निळी तगर

माझ्या मामेसासऱ्यांइतका स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात शोधून सापडणार नाही. सारी नोकरी त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाची गाडी फाटकातून आत शिरतानाच ते तिचं वजन सांगत, आणि काट्यानं वेगळं सांगितलं तर काटा दुरुस्त करायला माणूस बोलावत. निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी जलरंग हातात घेतले. काढायच्या त्या फक्त इमारती आणि फुलं. माणसं का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, माणसं हालत्यात. आणि वर माझं नाक असं का काढलं म्हणून भांडत्यात."

चित्र ओलं असेपर्यंत घरातला पंखा बंद. रंग आपल्या मनानं वाळला पाहिजे, असा त्यांचा दंडक. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत चहा प्यायचो आणि मामा कागदावर डोळे लावून बसायचे. जलरंगात पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडतात, हे त्यांना ठाऊक होतं, पण कागदच पिवळट येतो अशी त्यांची तक्रार. दुकानात जाऊन "ह्यो कागद हाय का हळदीचं फडकं?" म्हणून त्यांनी गल्ली गोळा केली होती. शेवटी धुतलेल्या धोतराला नीळ देतात तशी त्यांनी प्रत्येक पांढऱ्यावर निळ्याची झाक द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून त्यांचा मोगरा निळा, तगर निळी, देवळाचं शिखरही निळं.

एकदा कळंब्याच्या वाटेवर एका पांढऱ्या घरासमोर ते स्टूल टाकून बसले होते. सोबत मी. घरमालक धावत बाहेर आला. "पावणं, मोजणीला आलायसा काय?" चित्र काढतोय म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. "मग म्हस बी घ्या की त्यात," म्हणाला. चित्र पुरं झाल्यावर तो बराच वेळ बघत राहिला. "रंग द्यायचं अजून ठरलं न्हवतं, पर निळा बरा दिसंल की!"

तोंडावर बोलायला आमचं गाव कुणाला भीत नाही. पण मामांना मात्र कुणी काही बोललं नाही, कारण मामी दारातच बजावायच्या, "चित्राला नावं ठिवायची न्हाईत. ठिवायची असतील तर च्या भाईरच घ्या." एरवी मामांच्या चपला, टॉवेल, घोरणं, सगळ्यावर त्यांच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू असे. आम्ही निळ्या तगरीला "लई भारी" म्हणत राहिलो.

गेल्या वर्षी मामांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, आणि त्यांच्याबरोबर कागदाचा पिवळेपणाही गेला. घरी आले आणि भिंतीवरच्या तगरीसमोर थांबले.

"अगं, ही निळी हाय."

"व्हय," मामी म्हणाल्या.

"तुला दिसत हुतं?"

"दिसत हुतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

"चित्र काढताना तुम्ही लई खुशीत असायचा. माझ्यानं बोलवलं न्हाई."

मामांनी एकेक चित्र उतरवून पलंगाखाली सारलं. कित्येक महिने कुंचल्याला हात लावला नाही. मला फार लाज वाटली. गाडी बघून वजन सांगणाऱ्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं फसवलं होतं.

मग एका सकाळी मामींनी तगरीची फांदी तांब्यात घालून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि आत गेल्या. दुपारपर्यंत मामांनी रंगांची डबी उघडली होती.

आता ते पांढऱ्याच्या जागी कागद कोरा सोडतात आणि चित्र सुरेख उतरतं. पण प्रत्येक वेळी विचारतात, "जावईबापू, बरं झालंय न्हवं?" मी मनापासून सुंदर म्हणतो. मामा चित्राकडं बघतच नाहीत, माझ्या तोंडाकडं बघत राहतात.

परवा त्यांनी रस्त्यापलीकडची शाळा काढली होती. मी स्तुती केली, मामा माझं तोंडच निरखत होते. तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या, चित्र लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ती कडंची खिडकी वाकडी आलीया."

मामांचा चेहरा एकदम खुलला. "आलीया की! हिला बराबर दिसतंय बघा," म्हणत त्यांनी नवा कागद फळीवर लावायला घेतला.

मी वाकून नीट पाहिलं. खिडकी सरळ होती.