माझा पाय आत होता

माझ्या दुकानाबाहेर एक सागवानी बाक आहे. वसईतली एक जुनी चाळ पाडली तेव्हा दारं-खिडक्यांच्या ढिगाबरोबर तो माझ्याकडे आला. जुनी दारं, चौकटी, ग्रिल विकत घ्यायची, रंधा मारून, पॉलिश करून पुन्हा विकायची, हा माझा धंदा. आमच्या भागात रोज कुठेतरी काहीतरी पाडतात आणि पलीकडे काहीतरी बांधतात, त्या दोघांच्या मधे मी उभा असतो. दुकानातली प्रत्येक वस्तू विकाऊ आहे, तो बाक सोडून. कारण सकाळी नऊ ते साडेदहा त्याच्यावर कुस्ती चालते.

कुस्ती तोंडाची. कॉलेजच्या मुलामुलींमध्ये यंदा कोण पुढे जाईल, कोणाचा दम दुसऱ्या फेरीत संपतो, कुठल्या पंचाने कोणाचं वाटोळं केलं, हे आम्ही तिघं त्या बाकावर बसून ठरवतो. एक मी. दुसरा माझा कॉलेजातला मित्र, वसईतल्या होळी नावाच्या भागात त्याची वाडी आहे. तो येताना केळी आणतो आणि रविवारी चर्चमधून परस्पर येतो म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून भांडतो. तिसरे सर. सरांची हकीकत जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण माझ्या आयुष्याचं जे काही नुकसान झालं ते त्यांनी केलं.

कॉलेजात असताना मी कुस्ती खेळायचो. शेवटच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला पोचलो. एका गुणाने मागे होतो, वेळ संपत आली होती, आणि मॅटच्या कडेला मी समोरच्याला ढाक मारली. ढाक म्हणजे काखेत हात घालून, कंबरेवर घेऊन उलटा टाकायचं. पोरगा पाठीवर पडला. सगळा हॉल ओरडला. पंचाने शिट्टी वाजवली आणि हात हलवला. डाव मारण्याआधीच माझा पाय मॅटच्या बाहेर गेला होता म्हणे. मी हरलो. विद्यापीठाच्या संघात गेलो नाही, खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली नाही, आणि हातगाडीवर दुसऱ्यांची दारं ओढायला लागलो. पुढे दुकान झालं, टेम्पो झाले, ते माझ्या जिवावर. पण माझा पाय आत होता.

याला साक्षीदार एकच होता, माझा हा मित्र. आणि तो नेमका त्या वेळी वडापाव आणायला गेला होता. तीस वर्षं मी त्याला हे ऐकवतोय.

"अरे, तुझ्यासाठीच आणायला गेलो होतो ना," तो म्हणतो. "जिंकल्यावर भूक लागेल म्हणून."

तर पाचएक वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ दुकानात आले. बोलणं घाटावरचं, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतलेला, त्यांना जुन्या सागाचे दरवाजे हवे होते. "दोन पाहिजेत," म्हणून त्यांनी हात वर केला आणि अंगठा आणि तर्जनी दाखवली. साधा माणूस दोन म्हणताना तर्जनी आणि मधलं बोट दाखवतो. अंगठा आणि तर्जनी दाखवतो तो कुस्तीचा पंच. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, पण तो हात मी कुठेही ओळखला असता.

"तुम्ही पंच होता?" मी विचारलं.

"होतो की. शाळेत खेळाचा शिक्षक, आणि सुट्टीत पंच."

मी त्यांना हॉल सांगितला, वर्ष सांगितलं, वजनगट सांगितला. माझा आवाज चढत गेला तसे रस्त्यावरचे लोक थांबायला लागले. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठ, मी हजारो कुस्त्या दिल्यात. तुमची आठवत नाही. पण गुण दिला नसेल, तर पाय बाहेर असणार."

"आत होता!"

"मग दिला असता."

त्या दिवशी मी त्यांना एक रुपया सोडला नाही. ते घासाघीस करण्यात माझ्या तोडीचे निघाले, तरी नाही. पैसे देऊन झाल्यावर ते बाकावर बसले, मित्राने त्यांच्यापुढे केळं केलं, मोबाइलवर आमच्या कॉलेजची कुस्ती चालू होती ती पाहू लागले, आणि मग दुसऱ्या दिवशीही आले.

सर आल्यापासून आमच्या वादाला धार आली. एकदा एका कुस्तीत दोघांचे सहा-सहा गुण झाले आणि पंचाने निळ्या जर्सीचा हात वर केला.

"हे काय?" मित्र म्हणाला. "बरोबरी ना?"

"बरोबरीत ज्याचा डाव मोठा तो जिंकतो," सर म्हणाले. "निळ्याने एक चार गुणांचा डाव मारलाय. लालने दोन-दोन करून गोळा केलेत."

"हा कुठला न्याय?" मी म्हणालो. "किरकोळीत विकलं म्हणजे विकलं नाही का?"

"शेठ, नियम आहे."

"तुमच्यासारख्यांनीच केला असणार."

चॅलेंजचाही नियम सरांनीच समजावला. आमच्या वेळी तो नव्हता, असता तर आज मी कोणी वेगळाच असतो. पंचाचा निर्णय पटला नाही तर खेळाडूचा कोच फोमचा एक तुकडा मॅटवर टाकतो. कुस्ती थांबते, व्हिडिओ बघतात. कोच बरोबर निघाला तर गुण बदलतात. चुकला तर समोरच्याला एक गुण फुकट. "आणि कोचने फोम टाकला तरी खेळाडू नाही म्हणू शकतो," सर म्हणाले. "तुकडा उचलून परत द्यायचा, कुस्ती पुढे चालू."

"पोराने कोचला नाही म्हणायचं? आमच्या वेळी थोबाडीत बसली असती."

गुणांच्या बाबतीत माझी स्वतःची एक पद्धत आहे. आपल्या खेळाडूने दोनचा डाव मारला की मी चार म्हणून ओरडतो. एकचा असेल तर दोन. धंद्यात तीच रीत आहे, जास्त मागावं तेव्हा हवं ते पदरात पडतं. माझी पुतणी याला फार वैतागायची. "काका, पंच काय मटारवाला आहे का?" ती म्हणायची.

ही पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ खाडीकाठची आमची शेती बघतो. पोरगी शाळेत असल्यापासून कुस्ती खेळते आणि कॉलेजमध्ये सत्तावन्न किलोत तिचं नाव झालं होतं. आमच्या बाकावर वर्षभर दुसरा विषय नव्हता. सरांचं म्हणणं, तिने वजन उतरवून त्रेपन्नमध्ये खेळावं, तिथे मुली हलक्या आहेत. मित्र म्हणायचा, पोरीला पोटभर जेवू द्या, उपाशी माणूस काय लढणार. मी म्हणायचो, तिची ढाक बघा, ढाक. ती मी शिकवलेली होती.

गेल्या वर्षी तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. स्पर्धा आमच्याच वसईत होती. गटात पहिल्या आलेल्या मुलीलाच विद्यापीठाच्या संघात जागा मिळणार होती. दुसरी आलेली घरी. म्हणजे गोष्ट माझीच, फक्त जर्सीचा रंग वेगळा.

कॉलेजच्या संघाला ट्रॅकसूट मी दिले होते. देताना एक अट घातली, की मॅनेजरचं ओळखपत्र माझ्या गळ्यात पाहिजे. कॉलेजने कुरकुर केली आणि दिलं. चॅलेंजचा फोमही मीच कापून दिला होता, एका जुन्या सोफ्याच्या गादीतला, वर लाल कापड शिवून. फायनलच्या वेळी नेमकी आमच्या कॉलेजची दुसरी मुलगी शेजारच्या मॅटवर उभी राहिली. कोच तिकडे धावला. जाताना फोम माझ्या हातात देऊन म्हणाला, "शेठ, फक्त बसा. काही करू नका."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. मागे प्रेक्षकांत भाऊ, मित्र आणि सर.

समोरची मुलगी उंच होती, हात लांब. पुतणीने पहिल्या फेरीत तिला उचलून सरळ पाठीवर टाकलं. चार गुण. मी आठ म्हणून ओरडलो. मग एकदा तिला ढकलून मॅटबाहेर काढलं, आणखी एक. पाच-शून्य. दुसऱ्या फेरीत उंच पोरगी जागी झाली. पाय धरून दोन गुण, थोड्या वेळाने पुन्हा दोन. पाच-चार. पुतणीच्या छातीचा भाता झाला होता.

"दादूस, पानी पी," मागून भाऊ ओरडला. "घाम तुलाच सुटलाय."

घड्याळात बारा सेकंद राहिले होते. उंच पोरीने पुतणीला रेटत कडेपर्यंत नेलं. मॅटच्या अगदी कडेला पुतणीने काखेत हात घातला, कंबर फिरवली, आणि मारली ढाक. दोघी बाहेर जाऊन पडल्या, उंच पोरगी खाली. हॉल ओरडला. पंचाने शिट्टी वाजवली, पुतणीच्या पायाकडे बोट केलं आणि समोरचीला एक गुण दिला. पाय आधी बाहेर गेला म्हणे. पाच-पाच.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. तो हॉल वसईतला राहिला नाही आणि तो पंच पंचविशीतला पोरगा होता तरी मला सरच दिसत होते. "आत होता!" मी ओरडलो. "पाय आत होता! चार द्या!" मागून सरांचा आवाज येत होता, "शेठ, टाकू नका! टाकू नका!" त्या आवाजाने तर मी जास्तच पेटलो. तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे फोम नव्हता, आज होता. मी तो जोर लावून मॅटवर भिरकावला.

कुस्ती थांबली. टेबलावर तिवईला बांधलेल्या मोबाइलभोवती दोन माणसं वाकली. पंचाने पुतणीकडे बघून हाताने विचारलं, घ्यायचं चॅलेंज? मी मान हलवत होतो, हो, हो, हो.

पुतणी धापा टाकत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, गुणफलकाकडे पाहिलं. मग वाकून फोम उचलला आणि माझ्याकडे फेकला. तो माझ्या पोटावर आपटून पायाशी पडला.

"नको," ती पंचाला म्हणाली.

मी परत खुर्चीवर बसलो. नऊ सेकंद राहिले होते. उंच पोरगी अंगावर आली, पुतणीने तिची मनगटं धरून ठेवली, सोडलीच नाहीत. भोंगा वाजला. पाच-पाच. माझ्या डोक्यात शिवी तयार होती, तोवर पंचाने पुतणीचा हात वर केला.

मला काही कळेना. सर मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"शेठ, बरोबरीत मोठा डाव. तिचा पहिला डाव चारचा होता. ती जिंकतच होती. व्हिडिओत पाय बाहेर दिसला असता, तर समोरचीला एक फुकट मिळाला असता. पाच-सहा. हरली असती."

हा नियम मला माहीत होता. बाकावर बसून मी त्याच्याशी भांडलोही होतो. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, की मागण्याआधी हातात काय आहे ते बघा. त्या दिवशी तेवढंच बघायचं राहिलं.

पुतणी बापाच्या गळ्यात पडून, मित्राच्या हातचं केळं तोंडात कोंबून माझ्याकडे आली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. विद्यापीठाच्या संघात जाणार होती ती, माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलंही. पण तोंडातून निघालं भलतंच.

"पाय खरंच बाहेर होता?"

"टाच होती बाहेर."

"तुला कसं कळलं? तू तर फिरत होतीस."

"कळतंच ना, काका. आपला पाय कुठे आहे ते आपल्याला कळत नाही का?" ती केळं खात म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. "तुमच्या वेळी तुम्हाला कळलं नव्हतं?"

मित्र छताकडे बघायला लागला. भाऊ पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसला. आता सर बोलणार, म्हणून मी भांडायच्या तयारीत त्यांच्याकडे वळलो.  त्यांनी खाली पडलेला फोम उचलला, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मित्राने पुतणीच्या नावाने वडापाव आणले होते. कोणी त्या विषयाला हात घालेना. शेवटी मीच म्हणालो, "सर, असं धरू. निम्मा पाय आत होता."

सरांनी वडापावचा घास संपवला. पन्नास कुस्त्यांचा निकाल द्यायचा असल्यासारखा विचार केला.

"निम्मा जास्त होतो, शेठ. पाव."

"पाव पाय म्हणजे नुसती बोटं!"

"बोटं आत असतील. बोटांबद्दल माझी तक्रार नाही."

"चवडा तरी धरा."

"अंगठा आणि शेजारचं बोट," सर म्हणाले, आणि हात वर करून अंगठा आणि तर्जनी दाखवली. मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला.

तेवढ्यात पुतणी स्कूटरवर आली. विद्यापीठाच्या सराव शिबिराला निघायचं होतं, पाया पडायला आली होती. आम्हा तिघांच्या पाया पडून झाल्यावर तिने माझ्यासमोर हात पुढे केला.

"काय पाहिजे?" मी म्हणालो. पैसे असतील म्हणून हात खिशाकडे गेला.

"फोम द्या, काका. तो मी घेऊन जाते. तुमच्याजवळ नको."

मी दिला. त्याच्या बदल्यात काही मागायचंही मला सुचलं नाही. ती गेल्यावर मी सरांकडे वळलो आणि सांगितलं, की दोन बोटांवर मी सौदा करत नाही. तीन बोटं. त्याच्या खाली एक नख नाही.

सर अजून अडून बसले आहेत.